इतवारीतलं सोनारी अवजारांचं दुकान, मॉडेल बनवणाऱ्यांनी एकदा तरी जाऊनच या

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. नागपुरात राहून तुम्ही छोटी मॉडेलं बनवत असाल, म्हणजे नुसतं किट जोडणारे नाही तर रॉड, नट, व्हॉल्व्ह, पाइप, रिव्हेट हे सगळं स्वतः घडवणारे असाल, तर बाहेरगावाहून पार्सल मागवायच्या आधी इतवारीत सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत सोनारांची आणि घड्याळवाल्यांची अवजारं विकणारं जे जुनं दुकान आहे तिथे एक चक्कर मारा. दुकानाचं नाव मी देत नाही, दुकानदार काकांनाच ते नको आहे, ते म्हणाले गिऱ्हाईक भरपूर आहे पण बसायला जागा नाही. काउंटरवर वितभर लांबीची ऐरण आणि तिच्या बाजूला बारीक बारीक खणांचं लाकडी कपाट दिसलं की समजा पोचलात. मी गेली दीड वर्षं तिथे जातेय आणि माझ्या इंजिनाचा जो भाग लोक हातात घेऊन बघतात तो जवळपास पूर्ण त्या काउंटरवरून आलेल्या सामानातून झालाय.

काय बनवतेय ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. छोट्या लाइनचं वाफेचं इंजिन, १:४८ या स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं. कुठल्या एका नंबरच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल नाही, त्या धर्तीवर मी बेतलेलं आहे. आपल्याकडची छोटी लाइन म्हणजे अडीच फूट, ७६२ मिमी. त्याला ४८ ने भागलं की १५.९ मिमी येतात आणि एचओ या मॉडेल रेल्वेच्या प्रचलित स्केलचा जो तयार ट्रॅक मिळतो तो १६.५ मिमीचा असतो, म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, डोळ्याला कळतही नाही, म्हणून हे स्केल घेतलं. माझे आजोबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, घरी त्यांचा जुना कॅलिपर आणि एक कानस अजून आहे. नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये बंद झाली तेव्हा मी ठरवलं की आता हे करायचंच, नाहीतर आमच्या घरातली पुढची पोरं ते इंजिन फक्त फोटोत बघतील. मोतीबागचं नॅरो गेज म्युझियम २००२ पासून आहे, तिथे मी पाच-सहा वेळा गेले असेन, वही घेऊन, आणि प्रत्येक वेळी चाकं सोडून बोल्टच बघत बसले, कारण मॉडेल खरं वाटतं ते बोल्टमुळे, पाइपच्या वळणामुळे, कुठे काय कशाला जोडलंय यामुळे, रंगामुळे नाही असं माझं पक्कं मत आहे.

आता अडचण काय असते बघा. खऱ्या इंजिनावर जो पाऊण इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा) बोल्ट असतो त्याच्या षटकोनी डोक्याचं माप समोरासमोरच्या बाजूंमध्ये ३३ मिमी, ते १:४८ मध्ये ०.६९ मिमी होतं. रिव्हेटचं डोकं २२ मिमी धरलं तर ०.४६ मिमी. चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या कपलिंग रॉडची जाडी ३८ मिमी, म्हणजे ०.८. हे सगळं तयार मिळतं, परदेशी कंपन्या रेझिनमध्ये आणि प्लास्टिकमध्ये बोल्टची डोकी विकतात, चांगली असतात, पण महाग, आणि घरी यायला महिना-दीड महिना. मी एकदा एका ऑनलाइन दुकानातून पितळी नळ्या आणि पट्ट्या मागवल्या होत्या, पैसे आधी भरले, पार्सल चाळीस दिवसांनी आलं आणि नळ्या मधोमध वाकलेल्या, एवढ्या बारीक नळीला एकदा मोड आली की ती सरळ होत नाही, आतून चपटी होते. फोटो पाठवले, दोनदा मेल केले, उत्तर नाही. तेव्हा खूप वाईट वाटलं कारण ते पैसे मी दोन महिने बाजूला काढले होते.

त्या रागातच इतवारीत गेले. खरं तर माझ्या मावशीची जोडवी दुरुस्तीला द्यायची होती, सोनाराच्या बाकड्यावर त्याने पितळेच्या तारेचा एक तुकडा ठेवलेला दिसला, केसापेक्षा थोडा जाड, एकदम सरळ, आणि मी विचारलं ही कुठून आणता हो? त्याने मागची गल्ली दाखवली.

पहिल्या दिवशीचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. काका म्हणाले, काय पाहिजे बेटा? मी म्हटलं, पितळेची तार पाहिजे, शून्य पॉइंट आठची. ते म्हणाले, हे पॉइंट-बिंट आम्हाले नाही समजत, गेज सांग. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, नंबर मोठा तितकी तार बारीक, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कपाळाला हात-बीत लावला नाही, उठले, खणातून चार बारीक वेटोळी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, हात लावून पाय, कोणती पाहिजे ते. मी कॅलिपर नेला होता, मोजलं, २१ गेज म्हणजे ०.८१, २२ म्हणजे ०.७१, २६ म्हणजे ०.४६. तिथेच वहीत लिहून घेतलं आणि तेव्हापासून मी पण गेजमध्येच बोलते. ही २६ गेजची तार म्हणजे माझ्यासाठी सोनं आहे, २२ मिमीचा स्टीम पाइप १:४८ मध्ये बरोबर तेवढाच येतो, तीच रिव्हेटला पण चालते. तार वजनावर देतात, पन्नास ग्रॅम घेतली तरी तोंड वाकडं करत नाहीत, आणि पन्नास ग्रॅममध्ये माझं वर्ष निघतं.

मग मी विचारलं की मला याचे षटकोनी नट करायचे आहेत, कसे करू? हे विचारताना मला वाटलं ते म्हणतील असं काही होत नाही. त्यांनी विचारलं कशासाठी, मी मोबाईलवर अर्धवट झालेलं इंजिन दाखवलं. त्यांनी डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळवाल्यांचं भिंग, लावून मोबाईलचा फोटो बघितला, हे मला फार आवडलं, आणि मग त्यांनी जे दाखवलं त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

एक पिन वाईस घेतला, घड्याळवाले वापरतात तो, पेनाएवढा, पुढे तार पकडायचा चिमटा असतो तो. त्याच्या अंगावर एक साधा आठ मिमी बोल्टचा नट सरकवला आणि खाली कागदाचा गुंडाळा देऊन घट्ट बसवला. मग पुढे २१ गेजची तार अडकवली, जेमतेम चार मिमी बाहेर. नटाची एक सपाट बाजू काचेवर टेकवली. तारेच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या दोन पोलादी पट्ट्या ठेवल्या आणि त्या पट्ट्यांवर टेकून बारीक कानस तारेवरून चार-पाच वेळा हलकेच फिरवली. नट पुढच्या बाजूवर वळवला, परत चार-पाच वेळा. सहा बाजू झाल्या. पट्ट्यांमुळे कानस ठरलेल्या उंचीच्या खाली जाऊच शकत नाही आणि नटामुळे प्रत्येक बाजू बरोबर साठ अंशांवर येते, हाताचं कौशल्य फार लागतच नाही. हिशोब करून बघा, ०.८१ गोल तारेतून कोपरे राखून षटकोन काढला तर समोरासमोर ०.७० येतं, मला हवं होतं ०.६९. प्रत्येक बाजूने जेमतेम पाच शतांश मिलिमीटर जातं, म्हणून कानस बारीक हवी आणि जोर अजिबात नको. काकांनी आयग्लास माझ्या हातात दिला. तारेच्या टोकावर एक चकचकीत षटकोन होता, कोपरे धारदार, आणि त्याच्या कडेला पितळेचा भुरका चिकटलेला. मी एवढंच म्हटलं की काका हे तर खरं आहे. ते म्हणाले, खरंच आहे ना मग, लहान आहे म्हणून खोटं थोडी होते?

घरी येऊन पहिल्या संध्याकाळी मी अकरा सेंटिमीटर षटकोनी तार केली, चार चार मिमीच्या टप्प्यांनी. मग सोनाराच्या करवतीने ०.३५ मिमीच्या चकत्या कापायच्या, डोक्याची उंची तेवढीच येते. चकती उडते, म्हणून खाली पांढरा कागद आणि कापताना तारेवर थोडं मेण. उचलायला चिमटा वापरू नका, दाबला की उडून कुठे जाते सापडत नाही, काडीच्या टोकाला मेण लावून उचला. बॉयलरच्या कडेला आणि सिलिंडर कव्हरवर मिळून मला ८४ लागले, मी १२० केले.

आता जंतर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जंतर म्हणजे पोलादाची जाड पट्टी, तिच्यात एकापेक्षा एक लहान अशी भोकं असतात, तार मोठ्या भोकातून लहान भोकाकडे ओढत नेली की बारीक होत जाते. सोनार सोन्या-चांदीची तार अशीच काढतात. मी इथून गोल भोकांचं एक जंतर घेतलं, साडेचारशे रुपये, आणि माझ्या हत्यारांत सगळ्यात जास्त किंमत वसूल झालेली वस्तू तीच. मधलं कुठलंही माप हवं असलं की मी आता विकत घेत नाही, ओढते. दोन गोष्टी काकांनी बजावून सांगितल्या त्या तुम्हालाही सांगते. एक, तारेला मेण चोळल्याशिवाय ओढायची नाही, नाहीतर भोक खराब होतं आणि एकदा ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक तारेवर ती रेघ उमटते. दुसरी, पितळ दोन-तीन भोकांतून गेलं की कडक होतं आणि मग तुटतं, म्हणून ते मध्ये तापवायचं, फिकट लालसर झालं की बास, जास्त नाही, आणि पाण्यात सोडायचं. पितळ पाण्यात सोडलं तरी नरमच राहतं, पोलादासारखं कडक होत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. अंधाऱ्या कोपऱ्यात तापवा, उन्हात तो लालसर रंग दिसतच नाही आणि तार वितळून तिचा गोळा होतो, माझा एकदा झालाय.

षटकोनी भोकांचं जंतर पण त्यांच्याकडे आहे पण त्यातलं सगळ्यात लहान भोक १ मिमीचं. मोठे नट, म्हणजे १⅛ इंची बोल्टचे, त्यांचं माप ४७ मिमी म्हणजे मॉडेलवर ०.९८, तेवढ्यासाठी ते चालतं आणि मी वापरलं. लहान नटांना मात्र कानसच.

या सगळ्या खटाटोपाचा जो गाभा आहे तो म्हणजे व्हॉल्व्ह गिअर, सिलिंडरमध्ये वाफ कधी आत-बाहेर सोडायची ते ठरवणारी रॉडची जुळणी, आणि तिथे हे दुकान किती कामी आलं ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. वालशार्ट्स गिअर केलंय मी, बेल्जियमच्या एगीद वालशार्ट्सने १८४४ मध्ये काढलेली रचना, इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला जे रॉड नाचताना दिसतात ते. चाकावरच्या क्रँकला एक छोटा उलटा क्रँक, त्यावरून रॉड पुढे एका वक्र लिंकला, लिंकच्या खाचेत एक ठोकळा वर-खाली सरकतो आणि त्यावरून दुसरा रॉड व्हॉल्व्हकडे, ठोकळा खाचेत वर न्या की गाडी एका दिशेला आणि खाली न्या की दुसऱ्या, मधल्या जागेच्या जवळ आणलं की वाफ कमी वेळ आत जाते. शिवाय क्रॉसहेडवरून, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या टोकाशी पुढे-मागे सरकणाऱ्या भागावरून, एक उभा दांडा येऊन त्यात मिसळतो. आजोबा सांगायचे की हे सगळं कानाने ऐकून कळतं, चाकाच्या एका फेरीतल्या चारही फुंका सारख्या वाजल्या पाहिजेत. माझं इंजिन वाफेवर चालत नाही पण रॉड खरे हलतात, ढकललं की लिंक डोलते, आणि त्यासाठी प्रत्येक सांधा खरा असावा लागतो.

रॉड मी ०.८ च्या पितळी पत्र्यातून कापले. डावा आणि उजवा तंतोतंत सारखा पाहिजे नाहीतर चाकं अडकतात, म्हणून दोन पत्रे एकमेकांवर ठेवून कथलाच्या साध्या सोल्डरने चिकटवायचे, मग दोन्हींना एकदमच भोकं पाडायची, एकदमच करवतीने कापायचे, एकदमच घासायचे, आणि शेवटी गरम केलं की सुटतात, जुळे मिळतात. करवतीची पाती इथून घ्या, डझनावर मिळतात, मी ४/० नंबरची वापरते. नियम असा की पत्र्याच्या जाडीत निदान दोन दाते आले पाहिजेत, नाहीतर पातं अडकून तुटतं. काकांनी माझ्या पत्र्याचा तुकडा बघून स्वतःच नंबर काढून दिला, मी आधी जाड पाती मागत होते, त्यांनी दिली नाहीत. विक्री कमी झाली तरी चालेल पण चुकीची वस्तू देत नाही, असा दुकानदार आजकाल कुठे मिळतो सांगा.

लिंकची वक्र खाच काढायला मला तीन रविवार लागले. रुंदी १ मिमी. आधी ०.६ ची भोकं रांगेत पाडली, मग पातं आत ओवून भोकं जोडली, मग खाच चपट्या बारीक कानशीने साफ केली, पण माझ्याकडची कानस खाचेपेक्षा जाड होती. काकांनी तुटलेल्या पात्याच्या पाठीवर पितळी पट्टी चिकटवून त्याचीच कानस करायला सांगितली आणि ती चालली. सांध्यांत पिना २५ गेजच्या, ०.५१ मिमी, खऱ्या इंजिनावरची एक इंची पिन जवळपास तेवढीच. पिन मागून सोल्डर करताना सोल्डर सांध्यात शिरतो आणि सगळं जाम होतं, हा अनुभव ज्याने केलंय त्याला असतोच. त्यासाठी दोन रॉडच्या मध्ये तेल लावलेला पतंगी कागद ठेवते, सोल्डर झालं की कागद ओढून काढते, सांधा मोकळा राहतो आणि कागदाच्या जाडीएवढी फटही मिळते.

दुकानाच्या आतल्या बाजूला एक पत्र्याचा मोठा डबा आहे, त्यात मेलेल्या घड्याळांचे भाग. जुन्या चावीच्या घड्याळांची चक्रं, पिन्यन म्हणजे छोटी दातेरी चक्रं, स्प्रिंगा, बाल्कनीत बसून दिवसभर चाळत बसावं असा तो डबा. मला टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, हँडब्रेकचं चाक हवं होतं, ३०० मिमी धरलं तर सव्वासहा मिमी, आरे असलेलं. एका घड्याळाचं चार आऱ्यांचं चक्र सापडलं, दाते पिन वाईसमध्ये फिरवत घासून काढले आणि बरोबर बसलं. मूठभर भागांचे चाळीस रुपये घेतले त्यांनी. यात एक मात्र आहे, डबा बसून चाळायला वेळ पाहिजे, आणि गर्दीच्या वेळी ते चाळू देत नाहीत, लग्नसराईत तर विचारूच नका.

रिव्हेटसाठी आधी मी पातळ पत्र्याखाली रबर ठेवून सुईने दाबत होते, डोकी उथळ यायची, कडा पसरट. काकांनी शिशाचा एक चपटा तुकडा दिला, त्यावर पत्रा पालथा ठेवून बोथट टोकाने दाबलं की गोल, उठावदार डोकं येतं. दोन इंचावर एक रिव्हेट म्हणजे मॉडेलवर जेमतेम १ मिमी, त्यासाठी खाली ग्राफ पेपर चिकटवते. शिसं देताना त्यांनी तो तुकडा वेगळ्या खणातून कागदात गुंडाळलेला काढला, कारण शिशाचा कण सोन्या-चांदीला लागून तापला की धातू खातो, भोकं पडतात, म्हणून सोनार शिसं बाकड्यापासून लांब ठेवतात. आणि शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, जेवायच्या आधी तर नक्कीच.

आता जे इथून घेऊ नये ते. बारीक ड्रिल बिट घेऊ नका. ०.५ च्या खालचे जे आहेत ते स्वस्त आहेत पण टोकं एकसारखी नसतात, दहातले चार पहिल्याच भोकाला तुटले, पितळात अडकून आत राहिले की तो भाग फेकायचाच. बिट दुसरीकडून चांगले घ्या आणि यावर पैसे वाचवू नका. सोनाराचा डाग, म्हणजे त्यांचा सोल्डर, आपल्या कामाला नको, तो वितळायला सहाशे अंशांच्या वर जावं लागतं, तेवढ्यात बारीक भाग वितळतो किंवा शेजारचा सांधा सुटतो. ६०:४० वालं साधं इलेक्ट्रॉनिक्सचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं, तेच चांगलं. अॅसिड फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून आधी लावतात ते) घेतलात तर काम झाल्यावर गरम पाण्याने धुवा आणि त्याची बाटली कानशींच्या डब्यापासून लांब ठेवा, वाफेनेच गंज चढतो. नळ्या यांच्याकडे मोजक्या मिळतात. त्याऐवजी मी मेडिकलमधून नवीन इंजेक्शनच्या सुया आणते, १८ नंबर १.२७ मिमी, २१ नंबर ०.८२, २३ नंबर ०.६४, बाहेरून मोजलेलं, स्टीलच्या असल्यामुळे सरळ आणि कडक, २३ ची १८ च्या आत सरकते. टोक आधी कापून टाका आणि ते टोक डबीत जमा करा, कचऱ्यात मोकळं टाकू नका, सफाईवाल्यांच्या हाताला लागतं.

एक गोष्ट दुकानाशी संबंधित नाही पण नागपूरच्या लोकांना उपयोगी. मे महिन्यात कूलर चालू ठेवून सुपरग्लू वापरू नका, खोलीत ओल वाढली की चिकटवलेल्या जागेभोवती पांढरी धुरकट साय येते आणि ती पितळावर, रंगावर बसते. मी कूलर बंद करून पंख्यावर चिकटवते, घामाने बेजार होते, पण साय येत नाही. शक्य तिथे सोल्डरच करा, तोच खरा सांधा.

सेवा कशी आहे म्हणाल तर, पहिल्यांदा गेलात तर थोडं थांबावं लागेल. सोनार गिऱ्हाईकं आधी, ते रोजचे आहेत आणि ते बरोबरही आहे. काका कमी बोलतात, नमुना दाखवला की मात्र खुलतात, म्हणून नुसतं माप सांगू नका, तुमचा तुकडा घेऊन जा, मोडका असला तरी चालेल. कॅलिपर स्वतःचा न्या. दुकानातला उजेड कमी आहे, एक ट्यूब आणि काउंटरवर वाकवता येणारा दिवा, बारीक कानशींचे दाते बघायचे असतील तर दारात उजेडात नेऊन बघा, ते नेऊ देतात. बारा कानशींचा संच मी साडेतीनशेला घेतला, त्यातली अर्धगोल आणि तीनधारी उत्तम, चौकोनी जरा भरड. पिन वाईस एकशेवीस. भाव ठरलेले आहेत, घासाघीस करू नका, मी केली नाही आणि त्यांनी कधी जास्त लावले असं मला वाटलं नाही. बिल मागितलं तर हाताने लिहून देतात, फोनवरून पैसे त्यांचा मुलगा घेतो आणि तो नसेल तर रोख लागतात, एकदा मला परत जावं लागलं याच कारणाने, तेवढी एक तक्रार. आणि दीड ते तीन बंद असतं, पाटीवर लिहिलेलं नाही.

गाडी नेऊ नका, त्या गल्ल्यांत लावायला जागाच नाही, दोन वेळा माझ्या स्कूटीला ओरखडे पडले. मेट्रोच्या अॅक्वा लाइनने चितार ओळी चौकाला उतरून चालत जाते मी आता. गणपतीच्या आधी गेलात तर चितार ओळीतल्या मूर्तीवाल्यांचे रंगकाम बघून या, मूर्तीचे डोळे रंगवताना हात कसा टेकवतात ते बघून मी माझ्या इंजिनाच्या गेजचे काटे रंगवायला शिकले.

मागच्या आठवड्यात इंजिन डब्यात घालून घेऊन गेले होते. काउंटरवर ट्रॅकचा वितभर तुकडा ठेवला, इंजिन हळू ढकललं, रॉड फिरले, लिंक डोलली. काकांनी आयग्लास लावला, आधी नट बघितले, मग खाली वाकून मागच्या बाजूच्या पिना, आणि डावीकडची एक पिन थोडी तिरपी आहे म्हणाले. आहे खरी, माझ्या लक्षात आली नव्हती, ती परत करायची आहे. मग त्यांनी विचारलं की ०.७ चं षटकोनी जंतर मिळालं तर घेशील का, मुंबईला एक जण बनवून देतो, पण एकट्यासाठी नाही बनवणार, निदान तीन तरी पाहिजेत. मी एकाचे पैसे देऊन आले. अजून दोघं हवीत, ज्यांना हवं असेल त्यांनी दिवाळीच्या आत दुकानात जाऊन सांगा, इंजिनवाल्या बाईने पाठवलं म्हणा, त्यांना कळेल.